मनूबियामावशीच्या मापाची गाडी

मल्लीता गाव मागे पडलं, तरी बंद पडलेल्या गाडीची खोड काही गेली नव्हती. दोन पावलं ढकलली की ती आपली उजवी कड सोडून डावीकडे, रस्त्याच्या मधोमध जायला बघायची. तीजानीकाका हँडल उजवीकडे पिळून धरत होते आणि बेया मागून रेटत होती.

“पोरी, बाजूच्या डब्याला हात लावू नकोस. गाडीच्या बुडाला लाव. डबा रेटलास की ती आणखी डावीकडे पळते.”

“काका, मी दवाखान्यातली बाई. मला आडवी माणसं ढकलायची सवय. ही उभी आहे.”

“मघाशी आडवीही झाली की!” काका म्हणाले, आणि दोघंही थांबून हसत सुटली.

दोघांच्या गुडघ्यापर्यंत खाजणाचा चिखल होता. तो वाळून वर मिठाचा पांढरा थर आला होता. बेयाने बोटीने सफाक्स शहरातून आणलेल्या बदामाच्या मिठाईचा खोका डब्यात होता. त्याचा एक कोपरा चिखलात बुडून निघाला होता. दवाखान्याच्या औषधांची पेटी मात्र तिने पडतापडता छातीशी धरली होती. देवाची कृपा, दुसरं काय.

समोरून गाढवाच्या गाडीवर एक म्हातारा आला. त्याने गाडी पाहिली, तिचा होडीसारखा डबा पाहिला आणि लगाम ओढला.

“तीजानी, ओहोटी लागली का रे?”

“भरतीची वाट बघतोय. तू जा, तुझ्या गाढवाला उशीर होतोय.”

“निदान नांगर तरी टाक, वाहून जाशील!” असं म्हणून म्हातारा पुढे गेला, पण वळून वळून बघत राहिला.

त्यात त्याचा दोष नव्हता. कर्केन्ना बेटांवर अशी गाडी दुसरी नव्हती. तीजानीकाका ऊलाद कासिम गावचे होडीचे सुतार. मोटारसायकल फ्रेंचांच्या वेळची, तीजानीकाकांच्या टपालवाल्या चुलत्याची. कितीतरी वर्षं ती घरालगतच्या गॅरेजात जुन्या जाळ्यांखाली पडून होती. गॅरेज म्हणायचं एवढंच. तिथे फळ्या, डांबराचे डबे आणि ऑक्टोपस धरायची मातीची मडकी जास्त. काकांनी हिवाळाभर ती गाडी उलगडली. इंजिन रॉकेलने धुतलं, सायलेन्सरची भोकं बुजवली, टाकी होडीसारखी निळी-पांढरी रंगवली आणि दृष्ट लागू नये म्हणून तिच्यावर मासा काढला. दिवेही होडीचेच बसवले, डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. गाडी म्हातारी आणि मानाची, म्हणून तिचं नाव हाज्जा, हज करून आलेल्या बाईला म्हणतात तसं.

आणि मग त्यांनी तिच्या उजव्या अंगाला साइडकार जोडली, तोच हा डबा. साइडकार कसली, चाकावरची होडी ती! पुढे निमुळती नाळ, आत तुतीच्या लाकडाच्या फासळ्या, फटींत कापूस आणि डांबर. ती हाज्जाला जोडताना त्यांनी तांब्याचे जाड खिळे ठोकून सांधे असे पक्के केले, की वादळालाही हलू नयेत.

हे सगळं कुणासाठी, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त जिच्यासाठी होतं, ती हो म्हणत नव्हती.

मनूबियामावशी, काकांची बायको, गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात अंगणाच्या पायरीवर घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं. काठी घेऊन घरात फिरते, चुलीपाशी उभी राहते. पण उंबऱ्याबाहेर तिने पाऊल टाकलेलं नाही. दूर चालवत नाही. पुतण्याच्या पिकअपवर चढता येत नाही. गाढवाच्या गाडीत बसवायला गेले तर म्हणाली, “मी काय गिरणीला निघालेलं जवाचं पोतं आहे?” आणि ही तीच मावशी, जिच्यावाचून गावातलं एकही लग्न उभं राहत नसे. जीभ टाळूला लावून ती अशी ललकारी द्यायची की समुद्रातल्या होड्यांवरचे लोक म्हणायचे, चला, नवरी निघाली.

येत्या शुक्रवारी तिच्या धाकट्या बहिणीच्या नातीचं लग्न होतं. बहीण दोनदा येऊन रडून गेली होती. मावशीचं उत्तर एकच. “माझं ओझं चौघांनी उचलून लोकांना दाखवायचं, तर मी घरीच बरी.”

“काका,” बेया रेटता रेटता म्हणाली, “मला एक सांगा. सकाळी बंदराला येताना ही सरळ आली, मग जाताना हिच्या अंगात काय आलं?”

काकांनी आधी हँडल सरळ केलं. मग म्हणाले, “येताना दगड होते.”

“कसले दगड?”

“होडीत तळाला ठेवतो ते. डब्यात भरले होते. तुझ्या मावशीएवढे.”

बेया थांबली. “मागच्या महिन्यात तुम्ही दवाखान्यात येऊन मावशीचं वजन विचारत होतात, ते यासाठी?”

“तू कुठे सांगितलंस! दवाखान्यातली गोष्ट दवाखान्यात म्हणालीस. मग मी आपला अंदाजाने...” ते ओशाळून हसले. “आम्ही रिकाम्या होडीचा विचार कधी करत नाही, पोरी. माल भरल्यावर ती पाण्यात कशी बसेल, त्यावर तिचा तोल. तसंच हिचं केलं. मनूबिया बसल्यावर ही सरळ चालेल, असं बेतून सांधे ठोकले.”

“आणि दगड?”

“बंदरात उतरवले. माल आला की तळाचे दगड काढायचे, ही आमची रीत. तू आलीस, तुझं सामान आलं, मी दगड काढले.” त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तू मावशीच्या निम्मीसुद्धा नाहीस हे ध्यानातच आलं नाही. जेवतेस की नाही?”

म्हणून खाजणाजवळच्या वळणावर हाज्जा रस्ता ओलांडून सरळ चिखलात शिरली होती आणि कार्बोरेटरमध्ये खारं पाणी गेलं होतं.

वाटेतल्या छोट्या मशिदीपाशी त्यांनी गाडी भिंतीला टेकवली, नळावर हातपाय धुतले आणि दुपारची नमाज पढली. बाहेर आल्यावर काकांनी मोठ्या आशेने किक मारून पाहिली. हाज्जा नुसती खाकरली.

“देवाकडे प्लग मागितलात वाटतं?” बेया म्हणाली.

“नाही. तो मी पुसून घेईन. देवाकडे दुसरंच मागितलं.”

मागून एक पिकअप येऊन थांबली. शेजारच्या अत्ताया गावचा माणूस होता. दोर आहे, ओढून नेतो म्हणाला. काकांनी छातीवर हात ठेवून त्याचे आभार मानले आणि नको म्हणाले. पिकअप दिसेनाशी झाल्यावर बेयाने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

“अत्तायाच्या दोराने ओढलेली गाडी मनूबियाने पाहिली, तर ती जन्मात बसणार नाही,” काका म्हणाले. “चल, रेट.”

पुढचा रस्ता ताडांमधून जात होता. चाक करकरत होतं. मग काका आपणहून बोलू लागले.

“आमच्या लग्नात उंट नव्हता, माहीत आहे तुला? नवरीला पालखी घातलेल्या उंटावरून आणायचं, ती आपली रीत. पण लग्नाआधीच तिचा भाऊ समुद्रात गेला. हम्मादी. होडी सापडली, तो नाही. सुतकाचं घर. तिच्या आईने सांगितलं, तारीख मोडू नका, पण आवाज करू नका. मग ती पायी आली माझ्या घरी. ढोल नाही, ललकारी नाही. गावातल्या प्रत्येक नवरीला हिने ललकारी दिली, हिला कुणी दिली नाही.” ते हँडल पिळत राहिले. “तिने कधी बोलून दाखवलं नाही. पण होडी करताना तुतीचं लाकूड कापलं, तेव्हा मला ती राहून गेलेली पालखी आठवली.”

बेयाने मनातल्या मनात अल्लाचं नाव घेतलं. रेटायचं मात्र थांबवलं नाही.

घर जवळ आलं तेव्हा काकांनी आवाज खाली आणला. “हे बघ, गाडी चिखलात का गेली ते मनूबियाला तू सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, गोड बोलून बसवायला बघतोय. पण वजनाचं नाव काढू नकोस.”

“वजनाचं नाव न काढता हे कसं सांगायचं?”

“तू शिकलेली आहेस. बघ काहीतरी.”

मावशी खिडकीत बसून वाटच बघत होती. त्यांचा अवतार पाहून तिने कपाळावर हात मारला. “या! मला बुडवायला होडी केली, आणि स्वतःच बुडून आलात! बेया, तुझी चप्पल कुठे आहे ग?”

“खाजणात, मावशी. देवाने घेतली.”

“देव कशाला घेईल तुझी चप्पल! हा म्हातारा घेतो.” मावशी ओरडली, पण काकांच्या दमलेल्या पायांकडे बघून आत गेली आणि गरम पाणी काढलं. जवाची भाकर, ऑलिव्हचं तेल आणि खारवलेला मासा पुढे आला. काका मुकाट जेवू लागले. बेयाने दोन घोट चहा घेतला आणि वाट शोधू लागली.

“मावशी, गाडीत खोट नाही. काकांनी ती एका माणसाच्या मापाने बांधली आहे. ते माणूस आत नसलं की ती रस्ता सोडते. मी बसले, तिने मला चिखलात टाकलं.”

मावशीने भाकर मोडायची थांबवली. “माप म्हणजे?”

बेयाने चहाचा पेला तोंडाला लावला. काका भाकरीत तोंड घालून बसले.

“वजन म्हणा की सरळ!” मावशी म्हणाली. “म्हणजे मी तुमच्या होडीतला तळाचा दगड?”

मग मावशीचे खांदे हलायला लागले. बेयाला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

“बेया, या माणसाला माझ्याशिवाय सरळ चालता येत नाही, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. गाडीला आज कळलं, एवढंच!” तिने ओढणीने डोळे पुसले. “पण मी आत चढू कशी? भिंतीवरून उडी मारू? दार कुठे आहे तुमच्या होडीला?”

काकांनी मान वर केली. “होडीला दार नसतं, मनूबिया.”

“मग मीही नाही.”

दुसऱ्या दिवशी बेया दवाखान्यातून परतताना गॅरेजात डोकावली. काका हातात करवत घेऊन डब्यासमोर बसले होते. आयुष्यभर त्यांनी पाणी आत येऊ नये म्हणून फटी बुजवल्या होत्या, आणि आता स्वतः बांधलेल्या होडीची धड कूस कापायची होती. त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली, पुसली, परत ओढली.

“समुद्राला कळलं तर काय म्हणेल?” ते पुटपुटले.

“समुद्राला मी सांगेन,” मावशीचा आवाज आला. ती घराच्या आणि गॅरेजच्या मधल्या दारात खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर वाटाण्याची परात. “कापा. आणि खाली एक भोक ठेवा. पाऊस आला तर मी काय टबात बसू?”

“बिस्मिल्ला,” काका म्हणाले आणि करवत घातली.

दार झालं. पितळी बिजागऱ्या लागल्या. पायरी म्हणून काकांनी जुन्या वल्ह्याचं पातं बसवलं. मग मावशीला आत बसवून तोल पाहायचा होता. ती काठी टेकत आली, वल्ह्यावर पाय ठेवला, कुणाचा हात घेतला नाही आणि बसली. बसल्यावर उठायचं नावच घेईना. वाटाणे तिथेच सोलले. शेजारणी बघायला आल्या, त्यांना तिथूनच चहा दिला, तिथूनच झापलं. काका जमिनीवर लोळून चाकं बघत होते. “थोडी पुढे सरक, मनूबिया. नाही, मागे. आता हलू नकोस.” त्यांचा अंदाज थोडा चुकला होता, कुठल्या बाजूला चुकला, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एक तांब्याचा खिळा काढून पुन्हा ठोकला.

शुक्रवारी सकाळी गल्लीत गर्दी झाली. तो परवाचा गाढववाला म्हाताराही लांबून आला होता. मावशीने भरतकामाची लाल लोकरी ओढणी घेतली होती, ठेवणीतली. डब्यात मेंढीचं कातडं अंथरलं होतं. काकांनी दाढी केली होती आणि डोक्यावर नवी लाल टोपी होती. हाज्जाने दुसऱ्याच किकला आवाज दिला.

मावशी उंबऱ्यापाशी येऊन थांबली. बाहेर बघितलं. गल्ली, माणसं, ताडांवरचं ऊन. काठीवरचा तिचा हात घट्ट झाला होता, ते बेयाला दिसलं.

काका हाज्जा तशीच चालू ठेवून पटकन बेयाजवळ आले आणि तिच्या कानाशी वाकले.

“पोरी, एक काम कर. ती बसली की ललकारी दे.”

“मी? काका, माझी ललकारी म्हणजे मेंढीचा खोकला. मावशीच हसेल मला.”

“हसू दे. इथे तिच्याइतकी चांगली कुणालाच येत नाही, आणि स्वतःसाठी ती देणार नाही. तू खोकलीस तरी चालेल, बेया, पण मोठ्याने खोक. समुद्रापर्यंत गेलं पाहिजे.”