वरातीच्या गाडीचा पाव मैल

अरुण गेला. आज पहाटे.

नाशिक रोडवर व्ही-एट इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणारे आम्ही दोघेच होतो. आता एक उरला.

अरुणच्या वडिलांची, अण्णांची, एक भली लांब अमेरिकन गाडी होती. मुंबईतल्या कुठल्याशा वकिलातीच्या लिलावातली. अण्णा ती वरातीला भाड्याने द्यायचे.

म्हणजे बघा. आठ सिलिंडरचं इंजिन, आणि आयुष्य गेलं बँडच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये. आत नवरदेव, दोन करवल्या आणि झेंडूच्या माळा.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आम्ही विशीतले.
रद्दीतून अमेरिकन मासिकं आणायची, मी डिक्शनरी घेऊन वाचायचं, अरुणने ऐकायचं.
माझं इंग्रजी कुठल्या मास्तरने शिकवलेलं नाही. कार्बोरेटरने शिकवलंय.

त्यातून कळलं की साठच्या दशकात तिकडच्या कारखान्यांनी खास ड्रॅग रेससाठी गाड्या बांधल्या. उभ्या गाडीने सुटायचं, सरळ रस्त्यावर पाव मैल, बस्स.
(पाव मैल म्हणजे चारशे मीटर नव्हे. चारशेदोन.)

लोकांना वाटतं या गाड्या गॅरेजवाल्यांनी कापून-जोडून बनवल्या. चूक. फॅक्टरीतूनच तशा निघायच्या. रेडिओ नाही, हीटर नाही, काहींना मागची सीटसुद्धा नाही.

पुढे तिकडे विमा महागला, धुराचे कायदे आले, पेट्रोल भडकलं. तो जमाना संपला.

त्याच पेट्रोलने अण्णाही टेकीला आले. दिवाळीनंतर व्ही-एट काढून डिझेल इंजिन बसवायचं ठरलं.

अरुण म्हणाला, "अण्णा, काढायच्या आधी एकदा पळवू द्या."
"रेस कुणाशी लावतो?"
"कुणाशीच नाही. तिला एकदा टॉप गिअर दाखवायचाय."
अण्णा हसले. "चातुर्मास हाय, लग्नं नायत. घे हौस भागवून. पण तुळशीच्या लग्नाआधी गाडी जशीच्या तशी पायजे."

आम्ही मासिकातल्यासारखंच केलं. मागची सीट काढली. स्टेपनी, गालिचा, डिकीचं झाकणसुद्धा.
"आता बघ कशी हरणासारखी उडते," अरुण म्हणाला.

पळसे गावाच्या पुढे तेव्हा सरळ, मोकळा पट्टा होता. सकाळी तिथे गेलो. अण्णा माकडटोपी घालून स्कूटरवर मागून आले. गाडीत अरुण एकटा.

त्याने क्लच सोडला.

गाडी जागची हलेना. मागची चाकं नुसती गरागरा फिरली. धूर, जळक्या रबराचा वास. मग गाडी मागून थाडथाड उड्या मारायला लागली.

आणि कडकन आवाज. ॲक्सल तुटला.

अण्णा शांतपणे म्हणाले, "मागलं समदं वजन काढलं, मग चाक रस्ता धरंल कसं? दोन करवल्या बसवायच्या व्हत्या की रे!"

मी हसलो. अरुण हसला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला.

तसला ॲक्सल मिळणं मुश्कील. त्यामुळे दिवाळीपर्यंतही थांबता आलं नाही. त्याच आठवड्यात डिझेल इंजिन आलं, सोबत दुसरा ॲक्सल. व्ही-एट भंगारात गेलं.

अण्णांच्या मागे अरुणने ती गाडी कितीतरी वर्षं चालवली. डिझेलचा खडखडाट करत. बँडच्या मागे.

खूप नंतर मी इंटरनेटवर वाचलं. तिकडचे लोक वजन मुख्यतः पुढून कमी करायचे. पुढचे मडगार्ड फायबरचे. आणि बॅटरी मुद्दाम डिकीत, मागच्या चाकांवर भार यावा म्हणून.
गाडीत काय नव्हतं तेवढंच आम्ही वाचलं होतं. कुठे काय ठेवलं होतं, ते नाही.

अरुणला मोबाईलवर दाखवलं. त्याने बॅटरीचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.
मग म्हणाला, "म्हणजे अण्णा बरोबर होते. तू तरी बसायचं होतंस रे मागे."

आज संध्याकाळी त्याला नेलं. वैकुंठरथ अगदी हळू चालला होता. पहिल्या गिअरमध्ये. आवाजावरून कळतं मला.

पुढे रस्ता मोकळा दिसला. मी ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर टकटक केली. "दादा, जरा दाबा की."

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. काय समजला कोण जाणे. पण त्याने दाबली. दुसरा. तिसरा. टॉप.

मागे मी बसलो होतो अरुण, तुझ्या शेजारी. यावेळी वजन होतं.

जा मित्रा.
सावकाश जाऊ नकोस.