हौसाबाईच्या नावाची चिठ्ठी

एक मूर्खपणा आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी उगाच दया यायची नाही. आमच्या पिंपळवंडीत दोन घरं सोडून राहणाऱ्या हौसाबाईला टीबी झाला, तेव्हा मी अकरा रविवार तिच्या नावाची चिठ्ठी प्रार्थनेसाठी चर्चमध्ये पाळकसाहेबांच्या हातात दिली. वळणदार अक्षरात. आणि उपासनेला जाताना तिच्या दारावरून नाकाला पदर लावून गेले. आत एकदाही नाही. ती एकटी राहते, तिला हंडा उचलवत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. चिठ्ठीत तसं लिहिलंच होतं ना!

चाळिशीतली ती मी म्हणजे एक नमुनाच. रविवारी मुलांच्या शब्बाथ शाळेत, वाटेत पडलेल्या जखमी परक्याला उचलून नेणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगताना हिचे डोळे भरून यायचे. गोष्टीतला जखमी माणूस खोकत नव्हता, म्हणून बरं.

वर्षभराने मलाच खोकला लागला. तीन आठवडे मी आल्याचा काढा पीत बसले. तुम्ही बसू नका. रक्त पडलं तेव्हा कुठे दवाखाना गाठला. स्पुटम, म्हणजे खोकून काढलेला बेडका, तीनदा तपासला. डॉक्टर म्हणाले, "टीबी आहे." मी म्हटलं, "डॉक्टर, आम्ही स्वच्छ घरातली माणसं!" ते म्हणाले, "जंतू घर बघून येत नाहीत, बाई. गोळ्या चुकवू नका, बऱ्या व्हाल."

दहा दिवस वॉर्डात ठेवलं. रविवारी चर्चच्या मंडळीतून निरोप आला, 'तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे.' निरोप आला, माणूस नाही. पाळकसाहेब आले, तेही खिडकीपर्यंत. तिथूनच हात वर करून आशीर्वाद दिला. मला राग आला आणि लगेच लाजही वाटली. हे सगळं मीच तर शिकवलेलं.

मंगळवारी हौसाबाई आली. बरी होऊन टोमॅटोच्या तोडणीला जायला लागली होती. खाटेवर माझ्या पायाशी बसली, फडक्यातली बाजरीची भाकरी सोडली आणि म्हणाली, "खावा. हितली डाळ मी बी खाल्लीया, लई वंगाळ."

घरी आल्यावर खरी परीक्षा. तेव्हा डॉट्सची पद्धत होती. म्हणजे आठवड्यातून तीनदा, कोणीतरी बघत असताना गोळ्या गिळायच्या. एका वेळी सात. त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी लाल होते, घाबरू नका. मळमळ मात्र सोसावी लागते. महिन्याभरात मला बरं वाटलं आणि मी गोळ्या सोडायचं ठरवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, अर्ध्यात सोडल्या तर आजार उलटतो आणि मग या गोळ्यांनाही दाद देत नाही. पण ही शहाणी डॉक्टरांपेक्षा शहाणी.

गोळ्या द्यायला नर्सबाईंनी नेमकी हौसाबाईच नेमलेली. दोन वेळा मी तिच्याकडे गेलेच नाही. तिसऱ्यांदा तीच गोळ्यांचं पाकीट आणि पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या ओट्यावर आली. मी म्हटलं, "जीव गेला तरी चालेल, मला नकोत." ती हलली नाही. ऊन ओट्यावरून खाली उतरलं, तरी बसून.

शेवटी मला रडू फुटलं. गोळ्यांमुळे नव्हे. मी म्हटलं, "हौसाबाई, तू आजारी होतीस तेव्हा मी तुझ्या दारात एकदाही आले नाही गं. नुसत्या चिठ्ठ्या लिहिल्या."

आता नातवंडं हसतात, आजी चिठ्ठी लिहायच्या आधी चपला शोधते म्हणून. हसू देत. ती खोड मला त्या ओट्यावर लागली. हौसाबाईने गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या, तांब्या पुढे केला आणि म्हणाली,

"अवो बाई, चिट्ठी पोचली व्हती तुमची. देवानं तुमालाच धाडलं आसंल माज्याकडं, तुमीच निघाल्या न्हाई. गिळा आता."