एकांताला सहकुटुंब या

माझा फोटो फ्लेक्सवर लावायला कुणी दिला, ते आधी बोला. ग्रुपवरच्या सगळ्यांना सलाम नंतर.

मागच्याच्या मागच्या रविवारी उपासनेला निघाले, तर खडकीतल्या आमच्या चर्चच्या फाटकावर हा एवढा फ्लेक्स. वर माझं तोंड, नातीच्या लग्नातलं, कानात उसनी कर्णफुलं. खाली लिहिलेलं, 'एकांत प्रार्थना. मार्गदर्शन : रुथआजी. सर्वांनी सहकुटुंब उपस्थित राहावे. चहा-पोह्यांची सोय आहे.'

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण एकांत म्हणजे काय ते मला कळतं... सहकुटुंब एकांत आमच्या वेळी नव्हता.

हे काम सॅमसनचं. आमच्या तरुण संघाचा सेक्रेटरी. हिंजवडीला कंपनीत आहे, त्यामुळे देवाचं कामही प्रोजेक्टसारखं करतो.

"आजी, एवढं मोठं पाचारण तुमचं, आणि तुम्ही ते स्वयंपाकघरात कोंडून ठेवलंय. लोकांपर्यंत पोचायला नको?"

म्हटलं, "अरे, लोकांपर्यंत पोचवायचंच नाही ते. वर पोचवायचंय."

"म्हणून तर लाइव्ह करतोय," म्हणाला. वर रेंज नसल्यासारखं.

पाचारण म्हणजे देवाने नाव घेऊन सोपवलेलं काम. मला काही आवाज आला नाही की उजेड दिसला नाही... मिस्टर फॅक्टरीत, मी क्वार्टरमध्ये भांडी घासत होते. शेजारीण खिडकीशी आली. पोर तापाने फणफणलेलं. "तुझ्या देवाजवळ माग गं, पण आमच्या सासूबाईंना कळू देऊ नकोस," म्हणाली.

मी दार लावलं आणि मागितलं. पोर डॉक्टरच्या औषधाने बरं झालं, श्रेय मी घेत नाही. पण हे काम माझ्यामागे लागलं ते तेव्हापासून.

मिस्टर गेले, क्वार्टर गेलं, आता मी चर्चसमोरच्या खोलीत राहते. दुपारची जेवणं झाली की स्वयंपाकघराची कडी लावते. त्याआधी ज्याला यायचं तो खिडकीशी येतो, नाव सांगतो, जातो. कशासाठी ते मी विचारत नाही. देवाला माहीत असतं, मला कशाला हवंय.

एक बाई नेमाने यायची. बाई म्हणते, बुवाही असेल, शोधत बसू नका. एकच नाव सांगायची आणि पाय उचलायची. त्या नावापायी तिला घरात काय सोसावं लागतं, ते तिच्या आवाजावरून कळायचं.

फ्लेक्स लागला आणि माझ्या खिडकीशी जत्रा भरली. कुणी वाकून बघतंय, कुणी मोबाइल धरलाय... ती कोपऱ्यापर्यंत आली, माणसं पाहिली आणि माघारी वळली. मग यायचीच बंद झाली.

हे मला लागलं. कर्णफुलांचं नाही लागलं.

तडक चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "रुथबाई, आता जाहीर झालंय. मंडळीचा मान राखा. एकदाच बोला." म्हटलं, बरं. एकदाच.

शनिवारी संध्याकाळी हॉल भरलेला. सॅमसनने माइक हातात दिला, कॅमेऱ्याकडे बघा म्हणाला. मी लोकांकडे बघितलं.

"एकांत प्रार्थना शिकायचीय ना? मग उठा. आपापल्या घरी जा, दार लावा. प्रभूने दार लावायला सांगितलंय, दारापुढे मांडव घालायला नाही."

लोक हसले. त्यांना वाटलं, आजी सुरुवातीला गंमत करतात. मी माइक ठेवला आणि चालू लागले. मागून पाळकसाहेबांचा आवाज, "अहो रुथबाई, चहा तरी..." म्हटलं, "आधी दार, मग चहा."

नंतर कळलं, निम्मे उठून घरी गेले. निम्मे पोह्यांसाठी थांबले. पोह्यांवर माझा राग नाही.

घरी जाताना फाटकापाशी थांबले. स्टूल मागितलं आणि फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला घेतल्या. सॅमसन धावत आला. "आजी, काय करताय?"

"तोंड माझं आहे, घरी नेतेय. धर ते टोक."

धरलं त्याने. माझ्या खिडकीबाहेर, रस्त्याच्या बाजूने, आडवा बांधूनही दिला. माझं तोंड भिंतीकडे, पांढरी बाजू रस्त्याकडे. आता खिडकीशी कोण उभं आहे, ते रस्त्यावरून दिसत नाही. शेवटची गाठ सॅमसनने ओढून घट्ट केली. मग, "सॉरी आजी," एवढंच बोलला आणि गेला.

काल कडी लावायला उठले, तर फ्लेक्सच्या आडून तेच नाव ऐकू आलं. मी "हं" म्हटलं. पावलं गेली. मी दार लावलं... काय मागितलं ते इथे लिहिणार नाही, लाइव्हही करणार नाही.

सॅमसन, फ्लेक्स चांगला जाड छापलास. त्याबद्दल तुझे आणि देवाचे आभार.

आता सलाम सगळ्यांना. आणि पहिला प्रश्न अजून तसाच आहे. लग्नातला फोटो चर्चमध्ये आपोआप चालत गेला नाही, आमच्याच घरातून गेलाय. बाकीच्यांनी खाली आमेन लिहीत बसू नये, आपापलं दार लावावं. उत्तर फोटो देणाऱ्यानेच द्यायचं... तेही इथे नाही. खिडकीशी येऊन, कडी लागायच्या आत.