मामाजींची बिलोरी बैठक

अख्ख्या भंडाऱ्यानं पितळेवर संसार केले, पण पितळेच्या दुकानात बसून काचेसाठी जीव टाकणारा माणूस या गावात एकच निपजला आणि तो माझ्या वाट्याला मामासासरा म्हणून आला. बायकोचे मामा ते माझेही मामाजी. त्यांच्या दुकानात पाण्याचे गुंड, पराती, घंघाळी छतापर्यंत रचलेली असत आणि गिऱ्हाईक भांडं वाजवून पाहू लागलं की मामाजींच्या कपाळावर आठी उमटे. "पितळ बोलत नाही जी, ओरडते," असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत. ते ऐकूनही लोक भांडी घेऊन जात, कारण वजनात मामाजींनी कधी कोणाला फसवलं नाही. संध्याकाळी दुकान बंद करून, हात साबणानं घासून ते घरी येत आणि बैठकीचं दार हलक्या हातानं उघडत. त्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल द्यायला ते विसरत नसत.

तिला बैठक म्हणायचं इतकंच. बसायला तिथं दोन वेताच्या खुर्च्या होत्या, त्याही भिंतीपासून लांब, खोलीच्या अगदी मधोमध. तिन्ही भिंतींना सागवानी कपाटं, मागे आरसे, वर छोटे दिवे आणि फळीफळीवर पाण्यासारखी नितळ बिलोरी काच. सुरया, गुलाबदाण्या, फळांचे वाडगे, अत्तराच्या कुप्या, कोण्या मालगुजाराच्या वाड्यातल्या झुंबराचे सुटे लोलक. रंगीत काचेला त्या खोलीत प्रवेश नव्हता. "रंग म्हणजे काचेनं तोंडाले लावलेली पावडर," असं त्यांचं मत होतं. खोलीत पंखा नव्हता, कारण पंखा फिरला की कपाटं थरथरतात. भंडाऱ्याच्या मे महिन्यात त्या खोलीत बसलेला पाहुणा घामानं निथळू लागला की मामाजी समजूत काढत, "काचेकडे पाहा जी, थंडगार वाटते." शिंक येणाऱ्यानं अंगणात जायचं, हा नियम तर गावातल्या पोस्टमनलाही ठाऊक होता.

सगळ्यात मोठं संकट म्हणजे लग्नाच्या वराती. डीजेचा आवाज चौकात आला की इकडे कपाटातले प्याले किणकिणू लागत आणि मामाजी बनियनवरच रस्त्यावर जाऊन हात जोडत. एकदा एका वरातीतल्या मंडळींना ते मुलीकडचेच कोणीतरी वाटले. त्यांनी मामाजींच्या डोक्याला फेटा बांधला आणि भोवती गोल करून त्यांना नाचवलं. मामाजीही नाचले, पण नाचत नाचत सगळी वरात पुढच्या वळणापलीकडे घेऊन गेले. घामाघूम होऊन परत आले ते सरळ कपाटापाशी.

लाखांदूरकडच्या एका जुन्या घरातून त्यांनी फळांचा मोठा वाडगा आणला, तेव्हा मी सोबत होतो. तणसानं, म्हणजे भाताच्या पेंढ्यानं भरलेल्या टोपलीत वाडगा ठेवून मामाजींनी ती एसटीत खिडकीजवळच्या सीटवर बसवली आणि तिचं पूर्ण तिकीट मागितलं. कंडक्टर म्हणाला, "माणूस कुठं आहे?" मामाजींनी तणस बाजूला करून दाखवलं. कंडक्टरनं क्षणभर आत पाहिलं आणि मुकाट्यानं तिकीट फाडलं. वाटेत एका म्हातारीनं "सरकवा जी टोपली" म्हटलं, तर मामाजींनी आपली सीट तिला दिली आणि भंडाऱ्यापर्यंत दांडा धरून उभे राहिले.

घरी आलेल्या प्रत्येकाला ते बैठक फिरवून दाखवत. साच्यातली काच आणि चाकावर कापलेली काच यांतला फरक कळावा म्हणून पाहुण्याचा अंगठा धरून कडेवरून फिरवत. "ही गुळगुळीत लागते ना? साच्यातली. आता ही पाहा. थोडी चावते. हे खरे पैलू." सांगताना त्यांचा आवाज इतका मऊ होई की दुकानातला माणूस हाच का, असा प्रश्न पडावा. फिरत फिरत मधल्या फळीवरच्या एका बरणीपाशी ते थांबत. कामठीच्या एका बंगल्यातलं सामान विकलं गेलं तेव्हा आणलेली ती देखणी बरणी, पण तिला झाकण नव्हतं. मामाजी हसून म्हणत, "हिचं झाकण आमच्या शुभांगीनं फोडलं. स्टुलावर चढून काढाले गेली. मी एक शब्द बोललो नाही तिले."

शुभांगी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. झाकण फुटलं तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि मामाजी खरोखरच तिला रागावले नव्हते. त्याचा त्यांना अभिमान होता. म्हणून ती गोष्ट ते आल्यागेल्याला सांगत. वीजमीटर पाहायला आलेल्या माणसाला सांगितली, तिच्या शाळेतल्या बाईंना सांगितली, ती कॉलेजात गेल्यावर तिच्या मैत्रिणींना सांगितली. तिला पाहायला शहापूरची मंडळी आली, तेव्हाही सांगितली आणि वर म्हणाले, "हिच्या हाती नाजूक काही देऊ नका बरं." मंडळी हसली, लग्न ठरलं. शुभांगी तेव्हा आत चहा गाळत होती.

लग्नानंतर ती शहापूरला गेली. म्हणजे ऑटोनं अर्ध्या तासाची वाट. बँकेत नोकरी होती, मुलगी झाली, सणावाराला माहेरी येत राहिली. पण आली की मागच्या दारानं येई, आईजवळ स्वयंपाकघरात बसे आणि मागच्या दारानंच जाई. मामाजींच्या ते लक्षात आलं नव्हतं. लेकीला आईची ओढ जास्त, असं ते समजत.

मागच्या दिवाळीत नागपूरहून एक काचेचे शौकीन गृहस्थ आले. मीही होतो. मामाजी रंगात आले होते. शुभांगीची मुलगी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. मामाजी बरणीपाशी थांबले आणि म्हणाले, "हिचं झाकण आमच्या शुभांगीनं..." तेवढ्यात शुभांगी फराळाच्या बशा घेऊन आत आली. कित्येक वर्षांनी ती त्या खोलीत पाऊल टाकत होती. तिनं बशा खुर्चीवर ठेवल्या आणि हळूच म्हणाली, "बाबा, मी तेव्हा आठ वर्षांची होती. आता माझी पोरगी आठ वर्षांची आहे. तिच्यासमोर तरी सांगू नका."

ती मुलीचा हात धरून आत गेली. पाहुण्यांनी एक चकली उचलली आणि तशीच हातात धरली. पाहुणे गेल्यावर मामाजींनी मामींना विचारलं, "शुभी रागावली काय?"

"रागावली असती तर बरं झालं असतं," मामी म्हणाल्या. "दर वेळी तुमी तिकडे सांगत आणि इकडे ती मान खाली घालून काम करत राहे. तुमी कधी आत येऊन पाह्यलं काय?"

दुसऱ्या दिवशी बरणी कपाटातून दिसेनाशी झाली. त्यांनी ती कुठं ठेवली हे मी विचारलं नाही. त्यानंतर त्यांनी कोणाला बैठक फिरवून दाखवल्याचं मला आठवत नाही. कोणी आपणहून डोकावलं तर म्हणतात, "पाहा ना," आणि स्वतः ओसरीवर थांबतात.

मध्यंतरी एका रविवारी ते मला म्हणाले, "जवाई, शहापूरले येता काय माझ्यासंगं? एकट्यानं जाऊन काय बोलू, सुचून नाही राहिलं." आम्ही गेलो. शुभांगीनं हसून "या" म्हटलं, पोहे केले, माझ्या बायकोची चौकशी केली. मामाजींनी पोहे संपवून बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "बँकेत तुले नेमकं काय काम असते, बेटा?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले. "आता शाखेची सगळी जबाबदारी माझ्याकडेच आहे, बाबा. मॅनेजर होऊन दोन वर्षं झाली."

"मले कोणी सांगितलं नाही."

"आईला माहीत आहे," ती साधेपणानं म्हणाली आणि पुन्हा घड्या घालू लागली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. निघताना तिनं वाकून नमस्कार केला. मामाजींचा हात तिच्या डोक्यावर जरा जास्तच वेळ राहिला.

परतीच्या ऑटोत मामाजी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. महामार्गाला लागताच त्याला म्हणाले, "माझी मुलगी बँकेत मॅनेजर आहे. इथंच शहापूरले राहते. लहानपणापासून हुशार."

"अरे वा," ड्रायव्हर म्हणाला. "कोणत्या शाखेत जी?"

मामाजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मलाही माहीत नव्हतं.

"पुढच्या रविवारी विचारतो," ते म्हणाले.