ओंसियाचा उजवा कान

धक्क्यावर पाय ठेवण्याआधी ओंसिया रोज उजव्या कानातली रिंग काढायची. डावीकडची तशीच राहू द्यायची. काढलेली रिंग कमरेच्या बटव्यात टाकायची, ओल्या बोटांनी कानाची पाळी पुसायची आणि मगच वजनकाट्याशेजारच्या आपल्या स्टुलावर जाऊन बसायची. काम आटोपल्यावर ती परत घालायचं तिला बहुतेक वेळा आठवत नसे. त्यामुळे सिलांगानच्या निम्म्या गावाने तिला एकाच रिंगेत पाहिलेलं होतं.

सिलांगानला मासळीचा लिलाव कानात होतो. होडी लागली, टब काट्यावर चढला, की घेणारे एकेक करून ओंसियाच्या उजवीकडे येत, वाकत आणि आपला भाव तिच्या कानात सांगत. डावीकडे लोखंडी खांब होता. होडीवाल्याने तिथे, ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभं राहायचं. सगळ्यांचं सांगून झालं की ओंसिया ओठांचा चंबू करून सगळ्यांत चढा भाव सांगणाऱ्याच्या दिशेने दाखवायची. टब त्याचा. बाकीच्यांनी काय सांगितलं होतं ते कुणाला कधीच कळत नसे.

खरं तर ओंसियाला भावांपेक्षा श्वासांचं कुतूहल. कुणी आज कॉफी न घेताच आलंय, कुणी सिगारेट सोडली आणि परत धरली, कुणाच्या घरी रात्री सुक्या मासळीबरोबर व्हिनेगर होतं, हे तिला शब्दांच्या आधी कळायचं. मासळी धुरावून विकणारी दितास लसणाच्या वासासकट यायची. इस्लावला सगळे मानाने ताताय, म्हणजे बाबा, म्हणत; बर्फातली मासळी ट्रकने शहरात पाठवणारा तो सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. तो आकडा सांगण्याआधी एक आवंढा गिळायचा. एवढा पैसेवाला माणूस रोज कशाला घाबरतो, याचा विचार ओंसिया घरी जाताना वाटभर करायची.

एका संध्याकाळी ती डाव्या कुशीवर झोपली आणि शेजारच्या घरातलं माइकवरचं गाणं मध्येच बंद पडलं. ती वळली. गाणं चालूच होतं. पुन्हा डाव्या कुशीवर. बंद. गंमत वाटून तिने बऱ्याचदा करून पाहिलं. मग ती उठून बसली, आणि गंमत ओसरली. उजव्या कानात नुसता समुद्र भरून राहिला होता. जिच्या कानात गाव भाव सांगतं, तिचाच कान गेला म्हटल्यावर स्टूल दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागणार. आणि त्या स्टुलाशिवाय सकाळी उठून करायचं काय, हे तिला खरंच सुचेना.

दुसऱ्या दिवशी तिने कुणाला काही न बोलता स्टूल फिरवलं. पाठ गावाकडे, तोंड समुद्राकडे. आता डावा कान घेणाऱ्यांच्या बाजूला आला आणि उजवा खांबाच्या. तिने डावीकडची रिंग काढली. एवढंच.

पण सिलांगानात एवढंच असं काही नसतं. घेणाऱ्यांना आता तिच्या पाठीमागून यावं लागे. तिचा चेहरा दिसेना, आणि तिची नजर थेट होड्यांवर.

"होडीवाले तिला तिकडून बोटांनी खुणा करतात," बर्फाच्या ढिगामागे कुणीतरी म्हणालं. "होडीवाल्याला किती हवेत ते तिला आधीच कळतं."

"गप रे. नानाय ओंसिया तसली नाही."

"मग पाठ कशाला फिरवली?"

याचं उत्तर एकट्या ओंसियाकडे होतं, पण ते दिलं तर स्टूल जात होतं. आणि न द्यावं तर नाव जात होतं.

त्या आठवड्याच्या शेवटी बांगड्याचा टब काट्यावर चढला, तेव्हा इस्लाव पुढे आलाच नाही. जागेवरूनच त्याने आपला भाव सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगून टाकला.

"कानात सांग," ओंसिया वळून म्हणाली.

"मला लपवायचं काही नाही. ज्यांना असेल त्यांनी कानात सांगावं."

दितासने घाईघाईने थोडा चढवला. इस्लावने तिच्याकडे न बघताच त्यावर चढवला. ती पुन्हा बोलली, तो पुन्हा. मग आणखी चढवणं तिला परवडेना.

"हे असंच चालणार असेल तर मी घरी बसून लसूण सोलते," दितास म्हणाली. "याचा ट्रक आणि माझी टोपली! ओरडून कोण जिंकणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. कुजबुजीत निदान याला धाकधूक तरी असते."

ओंसियाला तो आवंढा आठवला. म्हणजे हे होतं तर! ती स्टुलावरून उठली.

"माझा उजवा कान गेलाय," ती म्हणाली. "बहिरा झालाय. म्हणून फिरले. खुणाबिणा काही नाहीत."



"मग डावा तरी चालतो कशावरून?" इस्लावने विचारलं. "मी कानात सांगतो, तू मोठ्याने म्हणून दाखव."

"कानातलं मी मोठ्याने म्हणत नाही. तुझ्यापासून सुरुवात करू का, ताताय? गेल्या सोमवारचा सुरमईचा टब?"

इस्लावने खिशातून रुमाल काढून मान पुसली. "तसं नाही म्हणत मी," तो पुटपुटला.

तेवढ्यात दितास तरातरा पुढे आली, ओंसियाच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून वाकली आणि काहीतरी कुजबुजली. ओंसिया आधी नुसती बघत राहिली. मग तिचे खांदे हलू लागले. मग ती अशी हसली की तिला स्टूल धरावं लागलं. डोळे पुसत तिने हातातला ओला टॉवेल दितासच्या पाठीत हाणला.

"ऐकू येतंय रे बाबांनो!" होडीवाला आम्बो खांबाशेजारून ओरडला. "चांगलंच येतंय!"

"काय म्हणाली ती?" चहूकडून विचारणा सुरू झाली.

"भाव," ओंसिया म्हणाली, आणि पुन्हा हसू लागली.

मग एकेक जण पाठीमागून येऊन वाकू लागला. दितासने या वेळी खरा भाव सांगितला. इस्लाव सगळ्यांत शेवटी आला. आवंढा गिळला. सांगितलं. ओंसियाने डोळे मिटले आणि ओठांचा चंबू त्याच्याच दिशेने केला.

"अगं, एवढं हसवलं तुला!" दितास कपाळावर हात मारत म्हणाली. "फुकटच गेलं की!"

त्यानंतर कुणी स्टुलाचं नाव काढलं नाही. ते समुद्राकडे तोंड करूनच राहिलं. आम्बो खांबापाशी उभा राहून भाव पडल्याबद्दल तिला मनसोक्त शिव्या घालायचा, आणि तिच्या त्या बाजूला फक्त लाटा असायच्या.

दितास काय म्हणाली होती, हे मात्र सिलांगानला हवंच होतं. लग्नात, बारशात, भरल्या ताटावरून लोक विचारत. दितास म्हणायची, नानायला विचारा. ओंसिया म्हणायची, कानात गेलं ते गेलं.

ओंसिया वारली त्याच्या आदल्या दुपारी आम्बो तिच्या पायरीवर येऊन बसला होता. ती भिंतीला टेकून बसलेली, कानांत दोन्ही रिंगा. त्याने सवयीने उजवीकडून विचारलं, मग लक्षात येऊन उठला, डावीकडे आला आणि पुन्हा विचारलं, "आता तरी सांग. काय म्हणाली होती ती?"

ओंसियाने त्याच्याकडे बघितलं, मग आत चुलीकडे.

"भात उतरवायचा राहिलाय," ती म्हणाली. "करपेल. तू आधी झाकण काढून बघ."