बाहेरचा हात

वहिनीच्या व्हॅनमध्ये बसणाऱ्यांना उशीर परवडणारा नव्हता. किडनीचे पेशंट ते. एक दिवसाआड हॉस्पिटलात जायचं, मशीनला जोडून घ्यायचं आणि पिळलेल्या फडक्यासारखं होऊन घरी यायचं. घरच्यांना सारखी सारखी रजा कुठून मिळणार? मग कुणीतरी वहिनीचा नंबर द्यायचं. ती दारापर्यंत यायची, हाताला धरून पायऱ्या उतरवायची, पट्टा लावायची आणि निघायची. तब्येतीची चौकशी ती फारशी करत नसे. पण ज्याला खड्डे सोसत नाहीत, त्याला न बोलता लांबच्या रस्त्याने न्यायची.

नवरा गॅरेजवाला. त्याला सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची, म्हणून ही वहिनी. खाली गॅरेज, वर दोन खोल्या. सकाळी शटर वर जाताना जो खडखडाट व्हायचा, त्यावर शेजारपाजारचे उठायचे. गाडी चालवायला तिला त्यानेच शिकवलं होतं, घसा बसेपर्यंत ओरडून. त्याच्या हाताखालून न गेलेली गाडी तिने कधी चालवलीच नव्हती.

व्हॅन नवी घेतली होती, तिची कंपनीची वॉरंटी आता शनिवारी संपत होती. सर्व्हिस सेंटरमधून फोनवर फोन. मुदतीच्या आत वाढवून घेतली तर ठीक, एकदा संपली की संपली.

"घरात वैद्य, आणि ही निघाली गावभर औषध शोधायला!" मिस्त्री म्हणाला. "अगं, ते नुसते पार्ट बदलतात. दुरुस्ती कुठे करतात?"

पूर्वी तीही हसली असती. पण गेले काही महिने ती बघत होती. मिस्त्री चहाचा कप डाव्या हाताने उचलायला लागला होता. बटणांचे शर्ट कपाटात पडून होते आणि हा रोज टी-शर्ट घालत होता. खालून पाना पडल्याचा आवाज यायचा, मग शिवी, मग पुन्हा पाना. विचारलं तर म्हणायचा, "मुंग्या येतात जरा. झोपेत हात दबला असेल." रोज रात्री तोच हात दबत होता म्हणे. तिने पुढे विचारलं नाही. ज्या हातावर घर चाललं, त्याच्याबद्दल बोलायला तिची जीभ रेटत नव्हती.

शुक्रवारी सकाळी व्हॅनमध्ये तिघे होते. पुढच्या सीटवर मास्तर, निवृत्त शिक्षक आणि बोलघेवडे. मागे दोन बायका, एक डोळे मिटून, दुसरी खिडकीला कपाळ टेकवून. वॉरंटीचा विषय मास्तरांच्या कानावर आला होताच.

"घेऊन टाका वहिनी," ते म्हणाले. "आमच्या किडनीची मुदत संपली तेव्हा कुणी साधा फोन केला नाही!"

वहिनी हसली, आणि तेवढ्यात उतार लागला. तिने ब्रेक दाबला. खालून, डाव्या बाजूने, टक् असा आवाज आला. सोडला, पुन्हा दाबला. टक्. गाडी किंचित डावीकडे ओढली गेली.

गेल्याच रविवारी मिस्त्रीने पुढच्या चाकांचे ब्रेक उघडले होते. ती वरच्या खिडकीतून बघत होती. तेव्हाही पाना पडला होता.

तिने गिअर खाली आणला, मग आणखी खाली. मागून हॉर्न वाजायला लागले. उताराच्या शेवटी सिग्नल, सिग्नलला शाळेची मुलं रस्ता ओलांडत होती. मास्तर मध्येच बोलायचे थांबले.

"काय झालं?"

"काही नाही. सावकाश जाऊ."

व्हॅन रांगत रांगत मुलांच्या अलीकडे थांबली. पुढचं अंतर सपाट होतं. तिने तिघांना हॉस्पिटलच्या दारात उतरवलं, मास्तरांचा हात नेहमीपेक्षा घट्ट धरला, आणि परत नेण्यासाठी ओळखीचा एक टॅक्सीवाला ठरवला. मग माणसाच्या चालीने गाडी हाकत ती सर्व्हिस सेंटरला पोचली.

काउंटरवरच्या मुलीने तिला आत नेलं. व्हॅन वर उचललेली, डावं चाक काढलेलं. आतल्या कारागिराने एका बोल्टला बोट लावलं. बोल्ट बोटानेच फिरला.

"ब्रेक ज्याच्यावर बसतो ना, त्याचा हा बोल्ट. आवळायचाच राहिलाय. अजून थोडे दिवस चालवली असती तर निसटलाच असता."

"हे बाहेर कुणी उघडलं होतं का, मॅडम?" मुलीने विचारलं.

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं.

"हो," वहिनी म्हणाली. "घरीच."

मुलगी आत साहेबांना विचारून आली. बाकी गाडी ठणठणीत असल्यामुळे वॉरंटी वाढवून मिळत होती. पण एक अट होती, आणि ती मुलीने दोनदा सांगितली: इथून पुढे बाहेरचा हात लागता कामा नये. लागल्याचं दिसलं की सगळं रद्द.

बाहेरचा हात. हे शब्द घेऊन वहिनी घरी आली.

बोल्टचं काही बोलायचं नाही, असं तिने वाटेत ठरवलं होतं. जेवणं झाल्यावर तिने अटींचा कागद पुढे ठेवला. मिस्त्रीने चष्मा लावला आणि त्याचा चेहरा खुलत गेला.

"हे बघ! ब्रेक यात नाहीत. क्लच नाही. टायर नाही, बॅटरी नाही, वायपरसुद्धा नाही! जे झिजतं ते काहीच नाही. उरलं काय? इंजिन आणि गिअरबॉक्स, जे या गाडीचं इतक्यात जाणार नाही. वर मला हात लावायची बंदी. हे म्हणजे भीक नको पण कुत्रा आवर!"

तो बरोबर बोलत होता. ती ताटं उचलून मोरीकडे गेली.

मिस्त्री मात्र जिंकल्याच्या आनंदात टॉर्च घेऊन खाली उतरला. गाडीभोवती एक फेरी मारल्याशिवाय त्याला झोप यायची नाही. वहिनीने नळ बंद केला. पावलं गाडीच्या उजव्या अंगाने गेली, मागे वळली, डावीकडे आली. तिथे थांबली. खूप वेळ थांबली.

तो वर आला तेव्हा टॉर्च तशीच जळत होती.

"डाव्या चाकाला त्यांनी हात का लावला?"

"तपासलं असेल."

"आतल्या बोल्टवर पिवळा रंग मारलाय. बोल्ट नव्याने आवळला की खूण करतात ती. एकाच बोल्टवर आहे." त्याचा आवाज चढला. "काय सांगितलं त्यांनी तुला? माझ्या कामात चूक काढली? काल आलेली पोरं ती!"

"काढली नाही. दाखवली. बोटाने फिरत होता तो."

"शक्यच नाही! मी स्वतः आवळलाय!"

"मग घ्या कागद आणि फाडून टाका," वहिनी म्हणाली. "मला माहितीये यात ब्रेक नाहीत. मी इंजिनसाठी घेतच नाहीये. तुम्ही गाडीला हात लावू नये, म्हणून घेतेय."

वाक्य बाहेर पडलं आणि तिलाच धडकी भरली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याला असं काही बोललेलं नव्हतं. मिस्त्रीने विचारलं, "गाडीत कोण होतं?"

"मास्तर. आणि दोघी जणी. खाली शाळेची मुलं रस्ता ओलांडत होती."

तो खुर्चीत बसला. टॉर्च विझवायला त्याने अंगठा लावला. अंगठा बटणावरून घसरला, पुन्हा घसरला. शेवटी त्याने ती तशीच मांडीवर ठेवली.

"बोल्ट बसला की हाताला कळतं," तो म्हणाला. "डोळे मिटून कळतं. रविवारी मला वाटलं, बसला. हल्ली हात काही सांगतच नाही."

वहिनीला त्याच्याजवळ जावंसं वाटलं, पण तो झटकन उठला आणि खाली गेला. त्या रात्री तो वर आलाच नाही.

शनिवारी ती एकटीच गेली आणि सही करून आली. सही करताना तिला विजय वगैरे काही वाटलं नाही. चोरी केल्यासारखं वाटलं. घरी आली तर मिस्त्री ओट्यापाशी उभा. त्याने वाढून घेतलं, जेवला, भांडं धुतलं, सगळं न बोलता. हा अबोला बरेच दिवस चालला. गॅरेज उघडं असायचं, पण ब्रेकचं काम आलं की तो माणसाला पुढच्या गॅरेजचा पत्ता सांगायचा. वहिनी हे वरून ऐकायची.

अबोला तुटला तो मास्तरांमुळे. मिस्त्रीच्या हाताचं एकदा वहिनीच्या तोंडून त्यांच्यापुढे निघालं होतं. हॉस्पिटलातल्या नसांच्या डॉक्टरांची वेळ त्यांनी परस्पर घेतली आणि वहिनीला सांगितलं, "मिस्त्रींना म्हणावं, मला एकट्याला जायला भीती वाटते, सोबत हवी." मिस्त्रीला हे नाटक कळलं. तरी तो गेला. मनगटात नस दबली होती. ऑपरेशन झालं. बोटांना बरीचशी जाण परत आली, पण सगळी नाही. डॉक्टरांनीही तसं आधीच सांगितलं होतं. जड कामं त्याने सोडली ती सोडलीच. आता तो गाडीचा आवाज ऐकून दोष सांगतो, आणि लोक दूरवरून गाडी ऐकवायला आणतात.

वॉरंटी पुढे एकदाच कामाला आली. एका सकाळी पेशंटना घेऊन जाताना ती वाटेत गॅरेजपाशी थांबली आणि मग व्हॅनचा गिअरच पडेना. मास्तर मागे बसून घड्याळ बघत होते. मिस्त्री खाली आला, बॉनेटपाशी वाकला आणि हात पाठीमागे बांधून म्हणाला, "केबल आहे. मला दिसतेय." वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. त्याने लावला असता हात, तर तिने अडवलं नसतं.

त्याने खिशातून फोन काढला.

"हॅलो, सर्व्हिस सेंटर? गाडीत पेशंट बसलेत, लगेच माणूस पाठवा... मी? मी या गाडीच्या मालकिणीचा नवरा." मग पलीकडचं काहीबाही ऐकून तो कडाडला, "अहो, तपासायचं काय त्यात? केबल घेऊनच या!"