मलेशियाला निघालेल्या कबड्डीचा विमा

किस्से काय कुणी ठरवून गोळा करत न्हाय. बेंबळीच्या मैदानाच्या कडंला चार जण बसतात, कुणीतरी चहा सांगतं, आणि चहा यायच्या आत एक जण म्हणतोच, "आबा, ते मलेशियाचं सांगा की!" एक सांगावं तर त्याच्या मागं दुसरा उभाच. मी हळूहळू सांगणारा माणूस. चहा गार झाला तर मला बोल लावू नका.

आमचा कबड्डीचा संघ गावचा, हौशी. कुणी शेती करतं, कुणी दूध घालतं. मी मैदान भिजवतो आणि पोरांच्या अंगाला तेल लावून मालीश करतो. मलेशियातल्या हौशी सामन्यांचं आमाला बोलावणं आलं. सोबत एक अट आली: प्रत्येकाचा प्रवासाचा विमा पाहिजे, आणि त्यात खेळताना झालेली दुखापत धरलेली पाहिजे.

*

धाराशिवहून विम्याचे एजंट शकीलभाई आले. लई सज्जन माणूस. पांढरी पँट घालून आले, एवढीच काय ती चूक!

म्हणाले, "आबा, साध्या विम्यात हे बसत न्हाय. अंगाला अंग भिडणारा खेळ असला तर वरून वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. मी पडलो क्रिकेटवाला. कबड्डीत कितपत भिडतात?"

मी म्हणालो, "सांगून न्हाय कळायचं. बघा."

शकीलभाई रेषेला खेटून उभे राहिले. आमचा कप्तान बजरंग चढाईला गेला. पाच जणांनी त्याला धरला, आणि सगळा गोळा लोळत लोळत शकीलभाईंच्या अंगावर! पोरांनी एकेकाला बाजूला करून त्यांना खालून काढलं. त्यांनी तोंडातली माती थुंकली, चष्मा शोधला, खिशातून पेन काढला.

"लिहितो," म्हणाले. "भिडतात!"

*

बजरंग म्हणजे जनाबाईचा एकुलता. पोलीस भरतीची तयारी करत होता आणि त्याची सगळी भिस्त गोळाफेकीवर, म्हणजे उजव्या खांद्यावर. खांद्याला काय झालं तर भरती गेली. म्हणून जनाबाईला हे मलेशिया मुळीच पसंत न्हवतं. ती थेट मैदानावर आली.

"का वो भाई, हात मोडला तर तुमचा इमा काय करतो?"

"दवाखान्याचा खर्च देतो, मावशी."

"आन भरती हुकली तर?"

"त्याचं काय मिळत न्हाय."

"मग अर्ध्याच पोराचा इमा काढलाय की तुमी!"

शकीलभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मैदानाकडं बघितलं.

जाताना जनाबाई मला म्हणाली, "आबा, न्हेताय तसा आणायचा." मी व्हय म्हणालो. म्हणायला काय लागतंय! पण त्या एका शब्दाचं ओझं मलेशियापर्यंत माझ्या छातीवर होतं.

*

शकीलभाईंनी एकेकाला विचारलं, "आधी कधी मार लागलाय?"

आमच्या मैदानाची एक रीत हाय. दुखलं म्हणायचं न्हाय. माती चोळायची आणि उठायचं. त्यामुळं सगळे म्हणाले, "न्हाय." ज्याचं नाक वाकडं, तो बी म्हणाला, "न्हाय."

मी म्हणालो, "पोरांनो, विम्यापुढं खोटं बोलू नका. आजच्या दिवस सूट."

बस! मग पोरं अशी सुटली! कुणाचा गुडघा, कुणाची बरगडी, कुणाला बैलानं मारलेलं. आमचा जाडजूड नामदेव तर पहिलीत गुरुजींनी हाणलेली छडी सांगायला लागला. खांद्याबद्दल मात्र कुणाचीच तक्रार न्हवती, बजरंगाची बी न्हाय.

शकीलभाई घाम पुसत म्हणाले, "आबा, ही टीम खेळायला चाललीय का उपचाराला?"

*

विमानतळावर वेगळीच तऱ्हा. शकीलभाईंनी सांगितलं होतं, विमा देशाची हद्द ओलांडल्यावर चालू होतो. नामदेवानं ते मनावर घेतलं. मुंबईच्या विमानतळावर गडी भिंतीला धरून चालला. सरकत्या जिन्यावर पाय ठेवीना.

"चल की रं!"

"आजून चालू झाला न्हाय!"

तिकडं उतरल्यावर मात्र पठ्ठ्या सरकत्या जिन्यावरून धावत खाली! वर तोंड करून आमाला म्हणतो, "या बिनधास्त! आता काय बी होऊ द्या!"

*

झालं ते नामदेवाला न्हाय, बजरंगाला. दुसऱ्याच सामन्यात उजवा खांदा निखळला. हात नुसता लोंबत होता. दवाखान्यात न्यायच्या आधी विम्याच्या नंबरला फोन करायचा होता. पोरांनी लावला, आवाज मोठा केला. पलीकडं एक बाई हिंदीत, लई गोड बोलणारी.

"सर, आपको कितना दर्द है?"

बजरंगाचा चेहरा पांढराफटक. म्हणाला, "कुछ नहीं."

"हाथ हिला सकते हैं?"

"आराम से."

"तो सर, अभी बर्फ लगाइए और आराम कीजिए."

पोरं खुणा करायला लागली, नामदेवानं कपाळ बडवलं. पण गड्याच्या तोंडून दुखतंय म्हणून शब्द फुटंना. त्याला रागावून उपयोग न्हवता. मीच शिकवलेली रीत ती. माझ्या फोनवरून जनाबाईला व्हिडिओ कॉल लावला आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

"काय रं बाळा? तोंड असं का झालंय?"

बजरंगानं एकदा माझ्याकडं बघितलं.

"आई गं... लई दुखतंय."

विम्याच्या बाईला मराठी किती येत होतं देव जाणे. पण ती लगेच म्हणाली, "पता बताइए. गाड़ी भेजती हूँ."

*

खांदा बसवला, खर्च विम्यानं दिला. गावाकडं आलो तो बजरंगाचा हात गळ्यात बांधून, आणि भरती तोंडावर. जनाबाई मला एक शब्द बोलली न्हाय. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढं भरतीची तारीख लांबली. जिल्ह्यातली पोरं चिडली. आमच्या मैदानावर बी चारसहा जण तोंड पाडून बसले होते. तेवढ्यात जनाबाई पेढ्याचा पुडा घेऊन आली.

नामदेव म्हणाला, "मावशी, भरती लांबली की! पेढे कसले?"

तिनं त्याच्याकडं बघितलंच न्हाय. बजरंग माझ्याशेजारी बसला होता. हाताचा पट्टा नुकताच निघालेला. त्याच्यासमोर उभी राहिली आणि पुडा उघडून डोक्याच्या वर धरला.

"घे."

त्यानं डावा हात उचलला.

"त्यो न्हवं."

बजरंग उभा राहिला. उजवा हात हळूहळू वर जायला लागला. छातीपर्यंत आला. खांद्यापाशी थांबला. मग कानाच्या वर गेला, डोक्याच्या वर गेला, आणि पुड्यातला पेढा उचलला.

जनाबाईनं पुडा खाली घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"आबा, आता वाटा समद्यांना."